बाई, एक विचारू? : ग्रीक गोष्टींचं तात्पर्य

मागच्या अंकात ओडिसिअस आणि एकडोळ्या राक्षसाची गोष्ट सांगितली होती. गुहेत कोंडून माणसं खाणाऱ्या पॉलिफीमसचा डोळा फोडून ओडिसिअस निसटतो. जहाज किनाऱ्यापासून सुटतं, सोबती गयावया करतायत की बाबा, आता तरी गप्प बस, आणि हा गडी मागे वळून स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव ओरडून सांगतो. मग काय, नाव-गाव हाती आल्यावर राक्षसाला आपल्या बापाकडे, म्हणजे समुद्रदेव पोसायडनकडे, रीतसर गाऱ्हाणं घालता येतं. मी गोष्ट तिथेच सोडली. त्यावर आलेल्या पत्रांचा सूर एकच : "बाई, तात्पर्य राहिलं."

राहिलं नाही, दिलंच नव्हतं. हे वळण आपल्याला इसापनीतीने लावलं. इसापही ग्रीकच. १८२८ च्या सुमारास सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी त्याच्या गोष्टी मराठीत आणल्या, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या आपण गोष्ट संपली की खालची ठळक ओळ शोधत आलो. खुद्द इसापाच्या गोष्टींखालची बरीचशी तात्पर्यंसुद्धा नंतरच्या संकलकांनी चिकटवलेली आहेत. होमर, हेसिअड, ओव्हिड या जुन्या कवींकडे तर ती ओळ नसतेच. (ओव्हिड रोमन, लॅटिनमध्ये लिहिणारा. पण ग्रीक गोष्टी आज ज्या रूपात सांगितल्या जातात, त्यातल्या पुष्कळ त्याच्या हातच्या आहेत. मीही हे सगळं इंग्रजी भाषांतरांतूनच वाचलं. सांगलीच्या कॉलेजात ग्रीक कोण शिकवणार?) नीती या गोष्टींत असते, पण ती तपशिलात असते आणि कैकदा आपण घोकलेल्या तात्पर्याच्या नेमकी उलट निघते. या महिन्याची पत्रं त्याच अंगाने घेते.

चौथीच्या वर्गाला मिडास राजाची गोष्ट सांगितली. हात लावेल ते सोनं होतं, शेवटी मुलगीच सोन्याची होते. फळ्यावर "लोभ वाईट" असं लिहिलं. एक मुलगा म्हणाला, "पण बाई, देवानेच माग म्हटलं होतं ना?" त्याला काय सांगू?
— प्राथमिक शिक्षिका, चिपळूण

आधी त्याला माझ्यातर्फे एक पेरू द्या. पोरगं बरोबर बोललंय. मिडासला वर मिळाला तो चांगुलपणापायी. मद्याचा देव डायोनिसस, त्याचा म्हातारा गुरू सायलीनस दारू पिऊन वाट चुकला होता. त्याला मिडासने दहा दिवस घरी ठेवून घेतलं, आदराने खाऊ-पिऊ घातलं आणि देवाकडे नेऊन पोचवलं. देव खूश होऊन म्हणाला, माग.

आता मुलीचं. ओव्हिडकडे मुलगी नाही. नॅथनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाने १८५१ च्या अखेरीस मुलांसाठी ग्रीक गोष्टी नव्याने लिहिल्या, त्यात त्याने ही मुलगी घातली. घातली ती जिवाला चटका लावणारी, म्हणून टिकली. पण तिच्यामुळे गोष्ट "पैसा मोठा की माया मोठी" अशी झाली. ओव्हिडचा मिडास आधी ओकची एक डहाळी मोडून बघतो, मग दगड, मग मातीचं ढेकूळ, मग कणसं. हात धुतो तर ओंजळीतून सोनं ओघळतं. मग जेवायला बसतो. भाकरी टणक होते, मांसाच्या तुकड्यावर दात लागताच पत्रा, घशाखाली वारुणी उतरते ती वितळलेलं सोनं होऊन. भरल्या ताटावर उपाशी. त्याची पंचाईत एवढीच आहे, आणि ती पुरेशी आहे.

मला या गोष्टीतला खरा मासला पुढे सापडतो, जो शाळेत कुणी सांगत नाही. देव क्षमा करतो, सार्डिसजवळच्या पॅक्टोलस नदीच्या उगमाशी डोकं बुडवायला सांगतो. त्या नदीच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात ते त्यामुळे, असं लोक म्हणत. मिडासला श्रीमंतीचा वीट येतो, तो रानात राहू लागतो. म्हणजे धडा शिकला? छे. तिथे रानदेव पॅन आणि संगीताचा देव अपोलो यांची वाजवण्याची स्पर्धा होते, पंच अपोलोला जिंकवतात, सगळे मान डोलावतात आणि हा एकटा, कुणी विचारलेलं नसताना, उचलली जीभ लावली टाळ्याला : निकाल चुकीचा! अपोलो त्याला गाढवाचे कान देतो. ओव्हिड तिथे सरळ म्हणतो की संपत्तीचा तिटकारा आला तरी अक्कल जाडीची जाडीच राहिली. लोभ सुटला म्हणून शहाणपण येतं असं नाही. आयुष्यात सगळं सोडून बसलेले आणि तरी प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारे निवृत्त लोक मी रोज संध्याकाळी बागेत बघते. चौथीच्या मुलांना हे सांगू नका. न्हाव्याची आणि बोरूंची गंमत मात्र जरूर सांगा : राजाचं गुपित पोटात मावेना म्हणून न्हावी खड्ड्यात तोंड घालून कुजबुजतो, खड्डा बुजवतो, तिथे बोरू उगवतात आणि वारा आला की तेच कुजबुजतात.

ताई, माझा नातू न्यू जर्सीला असतो. सातवीत आहे. तिकडे शाळेत ग्रीक दैवतांचं पुस्तक लावलंय. रविवारी फोनवर मला सांगत होता : एका देवाने बापाला कापलं, मग स्वतःची मुलं गिळली, त्याच्या मुलाच्या तर भानगडींना अंत नाही. असल्या देवांतून काय नीती शिकायची? सूनबाईंना पुस्तक बंद करायला सांगू का?
— एक आजी, सातारा

आजी, पुस्तक बंद करू नका. तुमच्या आधी हीच तक्रार ग्रीकांनीच केली आहे, आणि तुमच्यापेक्षा तिखट शब्दांत. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात कॉलोफॉनचा झेनोफेनीस म्हणून एक कवी होता. तो म्हणाला की माणसांत ज्याची लाज वाटते ते सगळं, चोरी, व्यभिचार, फसवणूक, होमर-हेसिअडने देवांच्या माथी मारलं. पुढे त्याची मजल अशी की बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी बैलांसारखे आणि घोड्यांसारखे देव काढले असते. प्लेटोने तर 'रिपब्लिक'मध्ये, नातू सांगतो तीच क्रोनसची गोष्ट घेऊन म्हटलंय की ही खरी असली तरी लहानांना सांगू नये. अगदीच सांगायची वेळ आली तर गुपचूप, मोजक्यांना, आणि ऐकण्याआधी प्रत्येकाने बळी द्यावा. तोही साध्या डुकराचा नाही, एखाद्या मोठ्या, मिळायला दुरापास्त जनावराचा, म्हणजे ऐकणारे आपोआप कमी होतील. तत्त्वज्ञ असून व्यवहार बरा कळत होता.

तेव्हा नातवाला सांगा की या देवांकडून नीती शिकायची नसते, हे ग्रीकांनाही ठाऊक होतं. आपल्याकडे अहल्येच्या गोष्टीत इंद्राचं वागणं कुठे आदर्श म्हणून सांगतात?

पण एक गोष्ट मला तुमच्याशीच बोलायची आहे, कारण तुमच्या घरी श्रावणात शिवलीलामृत वाचत असणार. त्यातला चिलया बाळ आठवा. शंकर अतिथी होऊन श्रियाळाच्या दारी येतो आणि मुलाचं मांस मागतो. चांगुणा पोटचं पोर कापते, शीर उखळात घालून कांडते, डोळ्यांतून टिपूस न काढता, वर गाणं म्हणत. लहानपणी आजी तो अध्याय वाचायची तेव्हा मी माजघरातून उठून अंगणात जायची. शेवटी देव प्रसन्न होतो, चिलया हाकेसरशी धावत येतो.

ग्रीकांकडे टँटॅलस नावाचा राजा. देवांच्या पंक्तीला बसणारा. एकदा त्याने देवांना घरी बोलावलं आणि आपल्या मुलाला, पेलॉप्सला, कापून शिजवून वाढलं, का तर देवांना कळतं का बघू. देवांना कळलं. कुणी हात लावला नाही, एकट्या डिमीटरने, धान्याच्या देवीने, सोडून. तिची मुलगी हरवली होती, दुःखात तिचं लक्ष नव्हतं, तिने खांद्याचा तुकडा खाल्ला. मग देवांनी पेलॉप्सला पुन्हा जिवंत केलं, खांदा तेवढा हस्तिदंताचा बसवला. आणि टँटॅलस पाताळात गळ्याइतक्या पाण्यात उभा आहे; प्यायला वाकला की पाणी आटतं, हात वर केला की फळांची फांदी वाऱ्याने दूर जाते.

ताटात तेच. पोरगं दोन्हीकडे जिवंत होतं. निकाल मात्र उलटे. का? आपल्या गोष्टीत परीक्षा देव घेतो, तिकडे माणूस देवाची घ्यायला जातो, हे पहिलं उत्तर. ते बरोबर आहे, पण मला पुरत नाही. चांगुणा रडायचं नाही या अटीवर कांडते. म्हणजे आतून ती रडतेय हे गोष्ट सांगणाऱ्याला पक्कं माहीत आहे, गोष्टीचा सगळा जीव त्या न पडलेल्या आसवात आहे. टँटॅलसला पोराबद्दल काही वाटलं का, याची तिकडे कुणाला पडलेली नाही. ग्रीकांनी त्याला शिक्षा दिली ती देवांना बाटवल्याबद्दल. पेलॉप्सबद्दल नव्हे. यात कोण वरचढ ते मी ठरवत नाही. श्रियाळाकडे मागणारा देव मला आजही पटलेला नाही, हे इथे लिहिल्यावर पत्रं येतील ती येवोत.

आणि असं न पटणं हे पाप नव्हे, यालाही ग्रीकांकडे दाखला आहे. पिंडार नावाचा थोर कवी. इ.स.पू. ४७६ मध्ये सिराक्यूजच्या हायरॉन राजाचा घोडा ऑलिंपियात पहिला आला, तेव्हा त्याने विजयगीत लिहिलं. ऑलिंपियात पेलॉप्सचं थडगं, तिथे त्याची पूजा होई, म्हणून ही गोष्ट सांगणं भागच होतं. पिंडार तिथे अडतो आणि म्हणतो, कुठल्याही देवाला मी हावरा म्हणणार नाही, मी मागे सरतो. मग तो गोष्टच बदलतो : पोसायडनला मुलगा आवडला, त्याने तो उचलून नेला, पोर दिसेना तेव्हा एका जळकुट्या शेजाऱ्याने कंडी पिकवली की कापून खाल्ला असेल. टँटॅलसचा गुन्हाही बदलला. देवांचं अमृत चोरून त्याने आपल्या पिणाऱ्या दोस्तांना वाटलं. सगळं गाव ओळखीची कथा ऐकायला बसलेलं असताना एक माणूस उभा राहून "मला हे पटत नाही, मी असं सांगतो" म्हणाला, आणि लोकांनी ते गीत जपून ठेवलं. सातवीतल्या मुलाला हे कळेल. रविवारी फोन आला की त्याला टँटॅलस विचारा आणि बदल्यात चिलया सांगा. सूनबाईंनाही ऐकायला बसवा.

मी २६ वर्षांचा आहे. आयटीतली नोकरी सोडून लाकडी घाण्याच्या तेलाचा धंदा सुरू करतोय. वडिलांनी कर्जाला जामीन म्हणून सही केली आणि त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर इकॅरसचं चित्र पाठवलं, खाली "फार उंच उडू नकोस". बाई, या गोष्टीचा अर्थ एवढाच आहे का?
— पुणे

नाही. निम्मा आहे. कारागीर डेडलसने पिसं आणि मेणाचे पंख करून मुलाला, इकॅरसला, दोन गोष्टी बजावल्या होत्या : फार वर गेलास तर सूर्य पंख जाळेल, आणि फार खाली राहिलास तर समुद्राच्या तुषारांनी पिसं जड होतील. पोरगं वर गेलं, मेण वितळलं आणि ते समुद्रात पडून मेलं, म्हणून पहिली सगळ्यांना पाठ. दुसरी सूचना कुणी फॉरवर्ड करत नाही. वडीलमंडळींच्या सोयीची नाही ती.

पण खरं सांगू, मला इकॅरसपेक्षा डेडलसच जास्त दिसतो. बाप पिसं ओळीने मांडतोय, मधे दोऱ्याने बांधतोय, बुडाशी मेण लावतोय. शेजारी पोरगं उभं आहे, वाऱ्याने उडालेली पिसं पकडतंय, पिवळं मेण अंगठ्याने मऊ करत बसलंय आणि बापाच्या कामात मधेमधे येतंय. पंख बांधताना म्हाताऱ्याचे गाल ओले, हात थरथरतायत. आणि हा बाप काही संत नव्हे. त्याच्याकडे शिकायला आलेला बहिणीचा मुलगा, पर्डिक्स, माशाचा काटा बघून करवत बनवणारा, आपल्यापेक्षा हुशार निघतोय म्हणून याने त्याला अथेन्सच्या गडावरून ढकलून दिलं होतं. अथीना देवीने त्याला वरच्यावर झेलून तित्तिर केलं. इकॅरसला पुरताना तोच तित्तिर जवळच्या चिखलातून बघतो आणि पंख फडफडवून आनंदाने ओरडतो. ही बाजू कळल्यावर "मुलांनी मोठ्यांचं ऐकावं" हे तात्पर्य जरा अवघडून उभं राहतं.

आता तुझं. तू इकॅरस नाहीस. इकॅरसला पंख बापाने करून दिले होते; तू घाणा स्वतः मांडतोयस. तुझा प्रश्न उंचीचा नाही, सहीचा आहे. डेल्फीला अपोलोच्या देवळावर जी वचनं कोरली होती, त्यातली दोन सगळ्यांना ठाऊक : "स्वतःला ओळख" आणि "कशाचाही अतिरेक नको", म्हणजे आपलं अति तिथे माती. तिसरं कुणी पोस्टरवर छापत नाही. त्याचा मथितार्थ : जामीन राहिलास की संकट दारात उभं. प्लेटोच्या 'कारमिडीस' या संवादात तिन्ही वचनांचा उल्लेख आहे. ग्रीक ज्याला जगाची नाभी मानत तिथे, देवळाच्या दर्शनी भागी, आत्मज्ञानाच्या पंगतीला जामीनकी! मला हे वाचून ग्रीकांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. आमच्या वडिलांनी एका स्नेह्याच्या कर्जावर अशीच सही केली होती आणि आईच्या पाटल्या त्यात गेल्या. घरात पुढे "सही" हा शब्दही जपून उच्चारत.

म्हणून वडिलांच्या चित्रावर चिडू नकोस. त्यांनी पुराण पाठवलं असलं तरी त्यांना झोप येत नाहीये ती हप्त्यापायी. त्यांच्यासमोर कागद घेऊन बस. घाणा किती दिवस तोट्यात चालेल असं धरलंय, हप्ता कुठून जाणार, आणि नाहीच जमलं तर त्यांच्या नावावरचा बोजा कसा उतरवणार, हे लिहून दाखव. शेंगदाण्याचं तेल तयार झालं की मला कळव, विकत घेईन.

पॅंडोराच्या गोष्टीचं तात्पर्य "बायकांनी नको तिथे डोकावू नये" असं आमच्या सरांनी सांगितलं. खरंच असं आहे?
— बी.ए. द्वितीय वर्ष, लातूर

डोकावणं तिथे नाहीच. गोष्ट सगळ्यात आधी सांगितली हेसिअडने, इ.स.पू. ७०० च्या आसपास. त्याची पॅंडोरा, म्हणजे देवांनी घडवलेली पहिली बाई, कुतूहलाने काही उघडत नाही, तिला कुणी "उघडू नकोस" म्हटलेलंही नाही. ती मोठ्या रांजणाचं झाकण काढते आणि दुखणी, कष्ट, काळज्या बाहेर पडतात, एवढंच. कुतूहल नंतरच्यांनी भरलं.

पण सरांना इतकंच सांगून सुटू नकोस, कारण हेसिअड बायकांच्या बाबतीत मुळात कडवटच आहे. बाईच मुळी पुरुषांना शिक्षा म्हणून पाठवली, असं तो म्हणतो. दुसऱ्या एका काव्यात बायकांना तो पोळ्यातल्या ऐतखाऊ माश्यांची उपमा देतो. पोळ्यात राबणाऱ्या सगळ्या माश्या माद्या असतात आणि बसून खाणारे ते नर, हे त्याला कुणी सांगायला हवं होतं. त्याला झालं होतं काय ते त्याच्याच काव्यात आहे : भाऊबंदकी. बापाच्या जमिनीची वाटणी झाली, पर्सीस नावाच्या भावाने जास्त वाटा बळकावला, आणि निवाडा करणारे सरदार लाचखाऊ. अख्खं 'कामे आणि दिवस' हे काव्य त्या भावाला उद्देशून आहे : भांडत बसू नकोस, नांगर धर. स्वतःच्या गावाबद्दल, अस्क्राबद्दल, तो म्हणतो की हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात जाच, कधीच बरं नाही. असा माणूस जगात दुःख का आहे हे सांगायला बसला तर गोड बोलणार नाही. परीक्षेत सरांचं लिही, वहीत हे.

उन्हाळी शिबिरात आठ ते बारा वयाच्या मुलांना एकच ग्रीक गोष्ट सांगायची आहे. भीतिदायक नको, मारामारी नको. कुठली सांगू?
— शिबिर चालक, नाशिक

बॉकिस आणि फिलेमॉन. देवांचा राजा झ्यूस आणि देवांचा दूत हर्मीस वाटसरूंच्या वेषात फ्रिजियात, आजच्या तुर्कस्तानात, हजार घरांची दारं ठोठावतात, हजार घरं कड्या लावतात. एका गवताने शाकारलेल्या खोपट्यात म्हातारा-म्हातारी आत घेतात. पुढे ओव्हिड जे करतो ते तुम्ही करा : घाई करू नका. म्हातारी कालची राख उकरून सुकी पानं, साली घालते आणि उरल्यासुरल्या श्वासाने फुंकर मारते. म्हातारा बागेतली कोबी आणतो. तिपाई टेबल डुगडुगतं, एक पाय आखूड आहे, म्हातारी त्याखाली खापरीचा तुकडा सरकवते आणि पुदिन्याच्या पानांनी फळी पुसते. निखाऱ्यांच्या राखेत अंडी फिरवते. ऑलिव्ह, मुळा, चीज, अंजीर, मधाचं पोळं, घरात असेल ते. पेला भरतो तसा भांड्यातला द्राक्षरस कमी होईना, तेव्हा दोघं घाबरतात आणि घराची राखण करणारा एकुलता एक हंस कापायला निघतात. हंस चपळ, म्हातारी माणसं थकलेली; तो पळत पळत थेट देवांच्याच पायाशी जातो आणि वाचतो.

बक्षीस म्हणून खोपट्याचं देऊळ होतं. काय हवं विचारल्यावर दोघं म्हणतात, मरण एकाच घटकेला येऊ दे, एकाला दुसऱ्याचं थडगं बघायला लागू नये. शेवटी ती ओक आणि लिंडन अशी शेजारशेजारची झाडं होतात.

एक अडचण मात्र आधी सांगून ठेवते. दार न उघडणारं सगळं गाव देव दलदलीत बुडवतात. ते गाळू नका. गाळलंत तरी एखादी मुलगी विचारेल की बाकीच्या घरांचं काय झालं, आणि त्या घरांतल्या बाळांचं काय? तिला सांगा की म्हातारा-म्हातारीलाही तेच वाटलं. ओव्हिडने लिहून ठेवलंय की टेकडीवरून बुडालेलं गाव बघताना ती दोघं शेजाऱ्यांसाठी रडत होती, ज्यांनी दार उघडलं नव्हतं त्यांच्यासाठी. देवांनी काय केलं त्याचं समर्थन तुम्ही करू नका. मुलांना भांडू द्या.

डुगडुगणारं स्टूल आणि कौलाचा तुकडा सोबत न्या. वीस मिनिटं धरा, हंसाच्या पाठलागाला अजून पाच. तिथे मुलं उठून पळतातच.